फॉस्टरला आणलेला कुत्रा घरातल्या मुलावर गुरगुरतो : काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

प्राणीसंस्थेने रस्त्यावरून उचललेला इंडी, म्हणजे देशी कुत्रा दत्तक जाईपर्यंत काही आठवडे एखाद्या घरात राहतो, यालाच फॉस्टर म्हणतात. त्या घरात शाळकरी मूल असतं, आणि बहुतेक वेळा त्याच्याच हट्टाने कुत्रा आलेला असतो. पहिले दोन-तीन दिवस सगळं छान. 'किती गरीब आहे हो, आवाजसुद्धा नाही' असं सगळे म्हणतात. मग चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या मध्ये कधीतरी तो मुलावर गुरगुरतो, घर हादरतं आणि संस्थेला फोन जातो की आजच्या आज घेऊन जा.

ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिचा क्रम आता ठरून गेला आहे. सुरुवातीचा शांतपणा बऱ्याचदा भीतीचा असतो. नव्या घराचे वास, गुळगुळीत फरशी, लिफ्ट, कुकरची शिट्टी यांनी कुत्रा आक्रसून गेलेला असतो. भीती थोडी ओसरली की तो आपलं म्हणणं मांडायला लागतो, आणि ते मांडायला त्याच्याकडे गुरगुर आहे. म्हणून चौथ्या दिवशीची गुरगुर ऐकून 'कुत्रा बिघडला' असा निष्कर्ष काढू नका. 'एवढं जवळ मला सोसत नाही' हे तो पहिल्यांदा मोठ्याने सांगतोय. त्याला काय सोसत नाही हे शोधणं आपलं काम.

आधी लक्षणं नीट पाहा

गुरगुर ही पहिली खूण नसते, ती बरीच नंतरची असते. तिच्या आधीच्या खुणा घरात कुणाला दिसलेल्या नसतात, एवढंच. मूल जवळ आल्यावर पुढच्यापैकी काय दिसतं ते बघा.

झोप आलेली नसताना जांभई देणं. समोर खायला काही नसताना जिभेने ओठ किंवा नाक चाटणं. मान दुसरीकडे वळवणं, पण डोळे तिरके मुलावर, इतके की डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. कान मागे चपटे. उठून दुसऱ्या खोलीत जाणं. एक पंजा उचलून धरणं. या सगळ्या हळू आवाजातल्या विनंत्या आहेत.

पुढची पायरी म्हणजे गोठणं. खात असेल तर चावणं थांबतं, धापा टाकत असेल तर तोंड मिटतं, अंग ताठ होतं. हे एखाद-दोन सेकंदच टिकतं, आणि सगळ्यांत जास्त तेच नजरेतून निसटतं. कुत्रा गोठला की मुलाला हाक मारून आपल्याकडे बोलवा, कुत्र्याला हात लावू नका. त्यानंतर गुरगुर, वर सरकलेला ओठ, हवेत मारलेला दाताचा आवाज आणि शेवटी चावा.

शेपटीवर जाऊ नका. शेपूट हलते म्हणजे खूश आहे, असं मुलांना शिकवलेलं असतं. ढिली, अख्ख्या कंबरेसकट हलणारी शेपूट ठीक. उंच, ताठ, फक्त टोकाला भराभर हलणारी शेपूट ठीक नाही.

सहा महिन्यांखालचं पिल्लू पळणाऱ्या मुलाच्या चड्डीला, पायाच्या घोट्याला दात लावत असेल, अंग सैल असेल, मध्येच लोळत असेल, तर तो वेगळा विषय आहे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात पडून नवे येतात, हिरड्या शिवशिवतात. त्यावर उपाय म्हणजे मुलाने पळणं थांबवून झाडासारखं उभं राहणं, आणि मोठ्यांनी पिल्लाच्या तोंडात ओल्या फडक्याची गाठ किंवा चावायचं खेळणं देणं. पुढचं सगळं त्या पिल्लासाठी नाही, खरी गुरगुर करणाऱ्या कुत्र्यासाठी आहे.

तपासणीच्या आधी, आजच्या आज

कारण सापडेपर्यंत कुत्रा आणि मूल यांच्या मध्ये एक खरीखुरी अडकाठी हवी. 'आम्ही लक्ष ठेवतो' याला अडकाठी म्हणत नाहीत. दूध उतू जातं, दाराची बेल वाजते आणि लक्ष दहा सेकंद सुटतं. बेबी गेट (दाराच्या चौकटीत बसणारं छोटं फाटक) असेल तर उत्तम. नसेल तर बेडरूमचं दार, जाळीचं सेफ्टी डोअर, किंवा दाराच्या चौकटीत आडवी बसवलेली प्लायवुडची फळी. मात्र गेट असो की फळी, ती अडकाठी कुत्र्याला उडी मारून ओलांडता येणार नाही एवढी उंच हवी, आणि मध्यम बांध्याचा तरुण इंडी तीन फूट सहज ओलांडतो. एका खोलीत असताना एक मोठं माणूस पूर्णवेळ हजर, फोन बाजूला. ते जमत नसेल तेव्हा दार बंद.

बांधून ठेवणं हा पर्याय नाही. साखळीला असलेल्या कुत्र्याला मागे सरकता येत नाही, म्हणजे त्याच्याकडे उरतो फक्त पुढे येण्याचा रस्ता.

आणि गुरगुरल्याबद्दल ओरडू नका, वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवू नका, पाठीवर पाडून 'मालक कोण' ते शिकवू नका. मारल्याने गुरगुर थांबते हे खरं आहे. पण ज्या कारणाने तो गुरगुरत होता ते कारण तसंच राहतं, वर 'मूल जवळ आलं की मार बसतो' हे त्याला नव्याने कळतं. पुढच्या वेळी तो गुरगुरत नाही, सरळ चावतो. 'काही न सांगता अचानक चावला' अशा कुत्र्यांच्या मागे फार वेळा ही दडपलेली गुरगुर असते.

पहिली तपासणी : वही. खर्च शून्य, वेळ तीन दिवस

वहीत प्रत्येक प्रसंगाला एक ओळ लिहा. वेळ, खोली, कुत्रा काय करत होता (झोपलेला, खात, दारात), मूल काय करत होतं, दोघांमध्ये अंतर किती, आणि आधीच्या तासाभरात काय झालं. अंतर फरश्यांमध्ये मोजा. बऱ्याच फ्लॅटमध्ये दोन फुटी फरशी असते, 'तीन फरश्या लांब होता' हे कुणालाही सांगता येतं.

या वहीशिवाय पुढे जाऊ नका, कारण गुरगुर एकसारखीच ऐकू येते पण तिची कारणं निराळी असतात. झोपेचा प्रश्न असलेल्या कुत्र्याला जेवणाचे धडे देत बसलं, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तीन दिवसांत नमुना दिसायला लागतो. संध्याकाळीच गुरगुरतो, तर आधी झोप बघा. एकाच कोपऱ्यात गुरगुरतो, तर जागा. भांडं, हाडूक, मुलाच्या हातातलं बिस्कीट जवळ असताना, तर अन्न. मूल वाकलं, मिठी मारली, तोंडाजवळ तोंड नेलं की, तर मुलाचं वागणं. उचलताना, पाठीला हात लावताना, जिना चढताना, किंवा नमुनाच सापडत नसेल, तर शरीर. शेवटच्या दोन्ही बाबतींत मधल्या पायऱ्या सोडून सरळ शरीराच्या तपासणीवर जा.

दुसरी : झोप

मोठा कुत्रा दिवसाचे बारा ते चौदा तास झोपतो, लहान पिल्लू अठराच्या आसपास. मूल असलेल्या घरात हे तास भरत नाहीत. सकाळी डब्याची गडबड, दुपारी शाळेतून परत, मग क्लास, शेजारची मुलं 'कुत्रा बघायला', रात्री टीव्ही. वहीत झोपेचाही हिशोब ठेवा. दहा तासांखाली भरत असेल तर बाकी काही करण्याआधी तो भरून काढा.

त्यासाठी दुपारी दोन तास आणि संध्याकाळी एक तास कुत्र्याला वेगळ्या खोलीत, पडदा ओढून, पंखा लावून ठेवायचं. आत कुणी जायचं नाही. कुत्रा रडला तर मोठ्यापैकी एकाने आत शांत बसून राहावं, मुलाने नाही. पाहुण्यांना पहिले दोन आठवडे 'नंतर या' सांगा. गणपतीत किंवा दिवाळीत फॉस्टर घेतला असेल तर ही खोली ढोल-फटाक्यांपासून सगळ्यांत आतली निवडा.

झोपलेल्या कुत्र्याला हात लावून उठवायचं नाही, हा नियम घरातल्या आजी-आजोबांनाही लागू. रस्त्यावर झोपेत अंगाला काही लागलं की ते मोटारीचं चाक असतं किंवा दुसऱ्या कुत्र्याचा दात. तो जागा होता होताच तोंड फिरवतो, आणि तेव्हा समोर कोण आहे हे त्याला दिसलेलंही नसतं. उठवायचंच असेल तर चार फरश्या लांबून नावाने हाक मारा.

तिसरी : जागा

त्याचं अंथरूण कुठे आहे? पॅसेजमध्ये असेल, टीव्ही आणि सोफा यांच्यामध्ये असेल, तर मुलाला तिथून जाण्यावाचून गत्यंतर नाही आणि कुत्र्याला दर पाच मिनिटांनी कुणीतरी अंगावरून जाणं सोसावं लागतं. अंथरूण भिंतीला लागून पण येण्याजाण्याच्या वाटेबाहेर हवं. वन बीएचकेमध्ये बेडरूमचा खिडकीकडचा कोपरा चालतो, किंवा डायनिंग टेबलखाली, खुर्च्यांच्या पायांनी दोन बाजू आडोशाला.

दिवाणाखाली, सोफ्यामागे जाऊन बसणारा कुत्रा गुरगुरत असेल तर तिथे हात घालून त्याला बाहेर ओढू नका. अशा जागेला दुसरी वाट नसते. मूल तोंडाशी येऊन बसलं की कुत्रा कोंडला जातो. ती फट उशा किंवा खोके लावून बंद करा आणि तिच्याऐवजी दोन्हीकडून बाहेर पडता येईल असा आडोसा द्या. पिंजरा किंवा क्रेट वापरत असाल तर दार उघडं, वर चादर, आणि मुलाने आत डोकवायचं नाही.

आता एक गोष्ट जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही : फरशी. आयुष्यभर मातीवर आणि डांबरावर चाललेला कुत्रा व्हिट्रिफाइड टाइल्सवर घसरतो. घसरण्याची भीती असलेल्या कुत्र्याला पटकन उठून लांब जाता येत नाही. जायला जमत नाही म्हणून तो जागेवरूनच गुरगुरतो. अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत बस्करं, जुन्या चटया किंवा खाली रबर असलेली पायपुसणी यांची एक वाट घालून द्या. चादर टाकू नका, ती स्वतःच सरकते. पंजाच्या गाद्यांमधले लांब केस असतील तर तेही व्हेटकडून (प्राण्यांच्या डॉक्टरांकडून) कापून घ्या. एवढ्यानेच गुरगुर अर्ध्यावर येते, अशी घरं आहेत.

चौथी : अन्न आणि हातातल्या वस्तू

रस्त्यावर जो अन्न राखतो तो जगतो. भांड्यावर गुरगुरणं हा त्या जगण्याचा भाग आहे, उद्धटपणा नाही. म्हणून भांड्यात हात घालून 'सवय लावणं' हा सल्ला मुळीच ऐकू नका. हात घातल्याने तो एवढंच शिकतो की माणूस जवळ आलं की जेवण अडतं.

जेवण वेगळ्या खोलीत, दार बंद, मोठ्या माणसाच्या हातून, ठरलेल्या वेळी. मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोनदा, पिल्लाला तीन-चारदा. खाऊन झाल्यावर तो खोलीबाहेर आला की मगच भांडं उचलायचं. पोट भरतंय का ते पाहा. नुसती दूध-पोळी देत असाल तर ती थांबवा. कित्येक कुत्र्यांना दुधाने जुलाब होतात, आणि पोट दुखणारा कुत्रा चिडका असतो. मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन, किंवा उकडलेलं अंडं आणि भात, किंवा कोरडं डॉगफूड चालेल. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट कधीच नाही. मूल प्रेमाने आपल्या डब्यातलं देतं, म्हणून ही यादी मुलाला पाठ हवी.

आपल्याकडे खाली बसून जेवायची पद्धत असेल तर ताट आणि कुत्र्याचं तोंड एका पातळीवर येतात. मुलाचं जेवण होईपर्यंत कुत्रा गेटच्या पलीकडे. हातात बिस्कीट घेऊन घरभर फिरणं बंद.

हाडं, च्यू स्टिक, भरलेली खेळणी पहिले दोन आठवडे मूल घरात जागं असताना देऊ नका. त्याने मुलाचा मोजा किंवा खोडरबर पळवलं तर हिसकायचं नाही, मागे पळायचं नाही. मोठ्याने चिकनचे चार-पाच तुकडे लांब फेकायचे, कुत्रा तिकडे गेला की वस्तू उचलायची. पेनाचं झाकण, बटण सेल, सुई-दोरा असलं काही गिळल्याची शंका असेल तर घरी ओकारी काढायच्या फंदात न पडता लगेच व्हेट.

पाचवी : मुलाचं वागणं

ही तपासणी पैशाने स्वस्त, पण संयमाने महाग. पाच वर्षांखालच्या मुलाला नियम समजतात पण पाळता येत नाहीत. त्या वयात शिकवण्यावर भिस्त ठेवू नका, फक्त गेट आणि बंद दार. सहा ते आठ वर्षांचं मूल तीन नियम लक्षात ठेवू शकतं, नऊ-दहाच्या पुढचं मूल खुणा ओळखायला शिकतं आणि ते मोठ्यांपेक्षा बरेचदा पटकन ओळखतं.

तीन नियम पुरे. कुत्रा झोपलेला, खात असलेला किंवा त्याच्या अंथरुणावर असला की जवळ जायचं नाही. आपण कुत्र्याकडे जायचं नाही, त्याला यायचं असेल तर तो येईल. मिठी नाही, पापी नाही, डोळ्यात डोळे घालून बघणं नाही.

तिसरा नियम मुलांना सगळ्यांत जड जातो, कारण मिठी म्हणजे प्रेम हे त्यांना घरातूनच मिळालेलं असतं. कुत्र्याच्या अंगावरून हात टाकला की त्याला ते अडकवल्यासारखं वाटतं, आणि मुलाचा चेहरा बरोबर दातांच्या उंचीवर असतो. मुलांना होणारे चावे चेहऱ्यावर आणि मानेवर जास्त असतात, त्यामागे हेच आहे. हे मुलाला भीती न घालता, पण स्पष्ट सांगा.

कुत्रा आपणहून आला तर छातीच्या किंवा खांद्याच्या बाजूला तीन सेकंद हात फिरवायचा आणि हात काढून घ्यायचा. तो टेकला, अजून जवळ आला तर पुन्हा तीन सेकंद. उभा राहिला, तोंड वळवलं, अंग झटकलं तर संपलं. डोक्यावर वरून हात नाही. आणि हे फक्त सैल, आनंदी दिसणाऱ्या कुत्र्याबरोबर. गुरगुर झाल्यावर किमान आठवडाभर हात लावणं बंदच.

घाबरट कुत्र्याशी दोस्ती व्हावी म्हणून मुलाला हातावर खाऊ धरायला लावतात. टाळा. वासाने तो पुढे येतो, खाऊ संपतो, आणि अचानक त्याच्या लक्षात येतं की आपण नको इतक्या जवळ आलोय. मग दात. खाऊ मोठ्यांनी द्यावा. मुलाला द्यायचाच असेल तर गेटच्या अलीकडून, कुत्र्याच्या मागे पडेल असा फेकायचा. म्हणजे खाऊ घ्यायला तो लांब जातो आणि अंतराचा निर्णय त्याच्याकडे राहतो.

मुलाला 'नाही, नाही'च ऐकवत राहिलात तर ते लपूनछपून जाईल. त्याला खरी कामं द्या. पाण्याचं भांडं भरून मोठ्यांकडे देणं, वहीत नोंद करणं, गेटबाहेर पाठ करून बसून मोठ्याने धडा वाचणं. मुलाचा संथ आवाज, अंगावर न येणारं शरीर, याची कुत्र्याला छान सवय होते. कुत्रा झोपला की लांबून त्याचे श्वास मोजणं हेही मुलांना आवडतं, आणि ते कामाचंही आहे : गाढ झोपेत मिनिटाला तीसच्या वर सतत जात असतील तर डॉक्टरांना कळवा.

सहावी : शरीर

इथून खर्च सुरू होतो. पण वहीत नमुना सापडत नसेल, किंवा गुरगुर हात लावण्याशी, उठण्याशी जोडलेली असेल, तर ही सहावी तपासणी पहिली करायची. दुखणारा कुत्रा दुखणं सांगत नाही, तो फक्त जवळ येऊ देत नाही.

घरी बघण्यासारखं बरंच असतं. झोपून उठताना पहिली चार पावलं आखडून टाकतो का. जिना उतरताना थबकतो का. कान सारखे झटकतो का, कानाला आंबूस वास येतो का. खाताना एकाच बाजूने चावतो का. ओठ उचलू देत असेल तर हिरड्या गुलाबी आहेत का, फिकट पांढऱ्या दिसत असतील तर त्याच दिवशी डॉक्टर. गोचिडी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि कॉलरखाली शोधा. गोचीड तापात कुत्रा सुस्त होतो, खाणं सोडतो, सांधे दुखतात, कधी नाकातून रक्त येतं, आणि आपल्याकडच्या रेस्क्यू कुत्र्यांमध्ये हा ताप नित्याचा आहे. अंग सारखं खाजवत असेल, कानाच्या कडा आणि कोपरं खवल्यांची झाली असतील तर खरजेची शंका घ्या. तिचा एक प्रकार माणसालाही खाज देतो, म्हणून मुलाच्या हाता-पोटावर पुरळ आहे का बघा. तपासताना कुत्रा गोठला तर तिथेच थांबा, उरलेलं व्हेट करतील.

व्हेटकडे नुसतं 'चिडका झालाय' म्हणू नका, वही दाखवा. रक्ताची पूर्ण तपासणी आणि गोचीड तापाची चाचणी, कान, दात, आणि पाठ-कंबर-मागचे पाय दाबून बघणं, एवढं मागून घ्या. गाडीखाली आलेला कुत्रा असेल तर कंबरेचा एक्स-रे. हाड बाहेरून जुळलेलं दिसतं, पण उचलताना कळ येते. वेदनाशामक दिल्यावर गुरगुर कमी झाली तर दुखणं हे कारण होतं याला बळकटी मिळते. गोळी मात्र व्हेटने लिहिलेलीच. घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका, माणसाच्या मात्रेत ही औषधं कुत्र्याच्या जिवावर उठतात.

जंताचं औषध, रेबीज आणि इतर लशींच्या तारखा संस्थेच्या कार्डावर तपासा. कार्ड नसेल तर लस झालेली नाही असं धरून चाला.

सातवी : मूल दिसलं की चिकन

वरचं सगळं जागेवर आलं, शरीर ठीक आहे आणि तरी कुत्रा मुलाला बघून ताठ होतो, तर आता शिकवणी. याला आठवडे लागतात. दोन मोठी माणसं हवीत, एक कुत्र्यापाशी आणि एक मुलापाशी. मूल पाच वर्षांखालचं असेल तर हे घरी करू नका.

उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे पंधरा तुकडे. कुत्र्याला हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा) आणि ढिली दोरी, दोरी मोठ्याच्या हातात, मध्ये गेट. मूल इतक्या लांब उभं करायचं की कुत्रा त्याला बघतो पण अंग सैल राहतं आणि तो खातो. वहीत सहा फरश्यांवर गुरगुर असेल तर आठवर सुरुवात. मूल दारात आलं की तुकडे सुरू, एकामागून एक. मूल दिसेनासं झालं की तुकडे बंद. तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोनदा.

क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी मूल, मग चिकन. आधी चिकन दाखवून मग मूल आणलंत तर चिकन दिसलं की 'आता तो येणार' म्हणून कुत्रा ताठ व्हायला लागतो, आणि मग खाऊही संशयास्पद होतो.

मूल दिसल्यावर तो आपणहून वळून तुमच्याकडे खाऊसाठी बघायला लागला, सलग तीन-चार वेळा, तर एक फरशी कमी करा. एकच. मूल स्थिर उभं असताना जमलेलं अंतर मूल चालत असताना पुन्हा वाढवायचं, उड्या मारताना आणखी वाढवायचं. कुत्र्याने खाणं सोडलं, तुकडा ओरबाडून घेतला किंवा गोठला, तर दोन फरश्या मागे आणि आजचं सत्र बंद. घाई केली की इथेच फिसकटतं : दोन दिवस छान जातात, तिसऱ्या दिवशी मुलाला थेट जवळ बसवलं जातं.

याच दिवसांत जाळीच्या मुसक्याची सवय लावून ठेवा. आत चिकन ठेवून तोंड आपणहून घालू द्यायचं, पट्टा बरेच दिवस बांधायचाच नाही. मुसकं असं हवं की त्यात धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. कापडी, तोंड आवळणारं घेऊ नका, आपल्या उन्हात त्यात कुत्रा तापतो. मुसकं घातलं म्हणजे मुलाला जवळ सोडायला हरकत नाही, असा अर्थ काढू नका. ते डॉक्टरकडे आणि अपघात टाळण्यासाठी.

इथे थांबा

घरगुती प्रयत्न बंद करून मदत घ्यायची वेळ खालच्यापैकी एकही गोष्ट झाली की येते.

दात त्वचेत शिरले, ओरखडा का असेना. गुरगुर न करता कुत्रा मुलाकडे टक लावून बघतो, दबा धरतो. सगळं करूनही आठवड्याभरात गुरगुर जास्त लांबून सुरू झाली. मूल पाच वर्षांखालचं आहे आणि घराच्या रचनेत दार बंद ठेवणं शक्य नाही. मूल स्वतःच्या घरात घाबरून वावरायला लागलं, हेही पुरेसं कारण आहे.

अचानक वागणं बदललं, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज घोगरा झाला, मागचे पाय लटपटतात, उगाच चावे घेतो, तर कुत्र्याला खोलीत एकटं बंद करा, कुणीही हात लावू नका, तोंडात काही अडकलंय का बघायला बोट घालू नका, आणि व्हेट व संस्था दोघांना ताबडतोब कळवा. ही लक्षणं रेबीजची असू शकतात. गेल्या काही दिवसांत त्याची लाळ ज्यांच्या जखमेला, डोळ्यांना किंवा तोंडाला लागली असेल त्या सगळ्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटायचं.

चावा झाला तर जखम साबण लावून वाहत्या नळाखाली पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, कॉफी काही लावू नका, घट्ट पट्टी बांधू नका. लगेच दवाखान्यात. सरकारी रुग्णालयांत रेबीजची लस मिळते. कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलेल्या चाव्यात जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं, ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही विचारा. 'कुत्र्याची लस झालीय, दहा दिवस बघू' म्हणून थांबायचं नाही. उपचार सुरू करायचे आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्षही ठेवायचं. नियमित फॉस्टर करणाऱ्या घरांनी मुलांना आधीच प्रतिबंधक लस द्यावी का, हे बालरोगतज्ज्ञांना जरूर विचारावं.

मदत कुणाची? आधी संस्था, कारण कुत्र्याची जबाबदारी त्यांची आहे. मग व्हेट, मग वर्तनाचा अभ्यास असलेला प्रशिक्षक. प्रशिक्षकाला एकच प्रश्न विचारा : कुत्रा मुलावर गुरगुरला तर तुम्ही काय करता? उत्तरात चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी), खिळ्यांची कॉलर, शॉक किंवा 'बॉस कोण ते दाखवतो' आलं, तर फोन ठेवा.

कुत्रा परत देणं यात कमीपणा नाही. मुलं नसलेल्या घरात तोच कुत्रा निवांत राहतो. पण त्याला परस्पर दुसऱ्या भागात सोडून येऊ नका. उपाशी-तहानलेला राहील अशा अवस्थेत प्राणी टाकून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे, आणि अनोळखी हद्दीत तिथले कुत्रे त्याला टिकू देत नाहीत.

परत देताना किंवा दत्तक जाताना वहीचा सारांश एका कागदावर लिहून सोबत द्या. 'मुलांशी चांगला नाही' एवढंच लिहिलं तर पुढच्या घराला काहीच कळत नाही. असं लिहा : झोपेतून हात लावून उठवलं की गुरगुरतो. मूल चार फरश्या लांब असताना निवांत असतो. जेवण वेगळ्या खोलीत लागतं. डाव्या कानावर उपचार चालू आहेत, औषधाचं नाव आणि तारीख अमुक. चावला आहे किंवा नाही. चावला असेल तर कधी, कुठे, कशानंतर, आणि रक्त आलं होतं का.